धातूवर पडलेली लहर आणि त्रिकोणांचा हिशेब

खान्देशातल्या जुन्या शेतकरी घरांत धान्य साठवायला पत्र्याची कोठी असते. एक मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंचीची अशी एक कोठी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर 3 गिगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे हवामानाच्या एस-बँड रडारमधून निघते त्या जातीची, रेडिओलहर पडली, तर ती कोणत्या दिशेला किती परत फिरेल? प्रश्न ऐकायला साधा आहे, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्रावरचा निबंध 1865 साली प्रसिद्ध झाला तेव्हापासून त्याचे नियमही आपल्या हाती आहेत. तरीही हे गणित सरळ मार्गाने मांडायला बसलो, तर या एका कोठीसाठी संगणकाला सुमारे 750 गिगाबाइट मेमरी लागते. विमान, जहाज किंवा पवनचक्की यांचा विचारही मग करता येत नाही. हे ओझे आज पुष्कळ हलके झाले आहे आणि त्याचे मोठे श्रेय भूमितीकडे जाते. विजेच्या नियमांना कुठेही हात न लावता, कोण कोणाच्या जवळ आहे आणि कोण कोणाला दिसतो एवढेच प्रश्न आधी विचारल्याने गणित किती आटोक्यात येते, हे मला फार विलक्षण वाटते, म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

आधी हे 750 गिगाबाइट कुठून आले ते पाहू. लहर धातूवर पडली की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात, हा हलता प्रवाह स्वतःच नवी लहर सोडतो, आणि आपण जिला परावर्तित लहर म्हणतो ती हीच असते. हा प्रवाह धातूत फार खोल शिरत नाही. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा प्रवाह तांब्यात सुमारे 9 मिलिमीटर खोलीवर मूळच्या 37 टक्क्यांपर्यंत उतरतो, तर 1 गिगाहर्ट्झला हीच खोली अवघी 2 मायक्रोमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. त्यामुळे पत्रा किती जाड आहे, कोठीत खरिपाची ज्वारी आहे की रब्बीची दादर, याचा बाहेरून येणाऱ्या लहरीशी काही संबंध उरत नाही. पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी प्रवाह किती आणि कोणत्या दिशेने वाहतो एवढे कळले की पुढचे सगळे काढता येते.

तो प्रवाह काढण्यासाठी पृष्ठभागाचे लहान त्रिकोण पाडतात. व्यवहारातला अंगठेनियम असा की त्रिकोणाची बाजू तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी असावी. 3 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 10 सेंटिमीटर असते, म्हणून बाजू 1 सेंटिमीटर घ्यायची. अशा जाळीवर प्रवाह कसा मांडावा याची रीत सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन आणि ॲलन ग्लिसन यांनी 1982 साली दिली आणि ती आजही सर्रास वापरली जाते. तिचा गाभा शेतात दारे धरणाऱ्या माणसाला लगेच कळेल. एका वाफ्यातून शेजारच्या वाफ्यात पाणी सोडताना वरंब्याच्या दारातून जितके पाणी या बाजूने जाते, तितकेच पलीकडे उतरते. दारातच पाणी साचून राहत नाही. राव, विल्टन आणि ग्लिसन यांनीही अज्ञात संख्या त्रिकोणावर न ठेवता दोन त्रिकोणांमधल्या सामाईक कडेवर ठेवली, त्यामुळे कड ओलांडताना प्रवाह ना तुटतो, ना त्या कडेवर खोटा विद्युतभार जमा होतो. बंद पृष्ठभागावर प्रत्येक कड दोन त्रिकोणांची असते, म्हणून कडांची संख्या त्रिकोणांच्या दीडपट भरते.

आपल्या कोठीचे झाकण आणि तळ धरून क्षेत्रफळ सुमारे 6.3 चौरस मीटर आहे. 1 सेंटिमीटर बाजूचे त्रिकोण पाडले तर ते 1 लाख 45 हजारांच्या घरात जातात आणि कडा, म्हणजेच अज्ञात संख्या, 2 लाख 17 हजारांच्या घरात. अट अशी आहे की आलेली लहर आणि सर्व त्रिकोणांनी सोडलेल्या लहरी मिळून पृष्ठभागाला समांतर असे विद्युतक्षेत्र प्रत्येक ठिकाणी शून्य व्हावे. प्रत्येक कडेवरच्या प्रवाहाचा परिणाम बाकीच्या प्रत्येक कडेवर होतो, त्यामुळे 2 लाख 17 हजार ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली एक मॅट्रिक्स तयार होते. तिच्यात सुमारे 4,700 कोटी संख्या असतात आणि प्रत्येक संख्येला 16 बाइट लागतात. रॉजर हॅरिंग्टन यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत ‘मेथड ऑफ मोमेंट्स’ या नावाने ओळखली जाते. ती अचूक आहे, पण वारंवारता दुप्पट केली की तिला धाप लागते: त्रिकोणाची बाजू निम्मी होते, अज्ञात चौपट होतात, मेमरी सोळापट लागते आणि समीकरणे थेट सोडवायचा वेळ चौसष्टपट होतो. घराच्या धाब्यावरच्या टीव्हीच्या डिशला मिळणारी लहर 12 गिगाहर्ट्झच्या आसपास असते. त्या वारंवारतेला आपल्या कोठीची मॅट्रिक्स सुमारे 194 टेराबाइट होईल.

आता रावेर-सावद्याची केळी आठवावी. समजा, या भागात एक हजार केळी उत्पादक आहेत आणि दिल्लीत एक हजार दुकानदार. प्रत्येक उत्पादकाने प्रत्येक दुकानदाराकडे स्वतः माल पोचवायचा ठरवला, तर दहा लाख फेऱ्या होतील. प्रत्यक्षात माल आधी गावात गोळा होतो, स्थानकावर रेल्वेच्या डब्यांत भरला जातो, एकत्र दिल्लीला जातो आणि तिथे पुन्हा वाटला जातो, त्यामुळे दहा लाख फेऱ्यांचे काम दोन हजार छोट्या फेऱ्या आणि एका गाडीत भागते. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला मात्र घड हातोहातच दिला जातो. त्यासाठी कोणी तो आधी स्थानकावर नेत नाही.

लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमिर रोखलिन यांनी 1987 साली विद्युतभारांच्या परस्पर परिणामांसाठी मांडलेली ‘फास्ट मल्टिपोल’ पद्धत अगदी याच रीतीने चालते. लहरींसाठी तिचे रूप 1990 च्या दशकात तयार झाले आणि 1997 साली वेंग चो च्यू यांच्या गटाने तिची बहुस्तरीय आवृत्ती धातूच्या मोठ्या वस्तूंसाठी वापरून दाखवली. जवळच्या त्रिकोणांचे परिणाम एकेक करून थेट मोजायचे. दूरच्या त्रिकोणांचे मात्र गटागटाने गोळा करायचे, एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे एकदाच न्यायचे आणि तिथे वाटायचे. गट करून चालते याचे कारण असे की एखाद्या लहान डब्यात बसलेल्या पन्नास कडांनी मिळून सोडलेली लहर लांबून पाहिली, तर ती किती गुंतागुंतीची असू शकते हे डबा तरंगलांबीच्या तुलनेत किती मोठा आहे यावर ठरते. आत कडा पन्नास आहेत की पाचशे, याने फरक पडत नाही. ठरावीक संख्येच्या दिशांना लहर किती जाते एवढे नोंदवले की दूरच्यासाठी ते पुरेसे असते. डबा मोठा होत जाईल तशा नोंदवायच्या दिशा वाढतात, म्हणून हे काम अज्ञातांच्या अगदी सरळ प्रमाणात राहत नाही, त्याला एक लॉगरिदमचा गुणक लागतो. पण अज्ञातांच्या वर्गापासून तिथपर्यंत उतरणे ही केवढी तरी कमाई आहे.

यात कळीचा शब्द ‘जवळ’ हा आहे. 1 लाख 45 हजार त्रिकोणांपैकी प्रत्येकाच्या जवळ कोण, हे शोधायला प्रत्येक जोडीतले अंतर मोजत बसलो, तर ज्या वर्गाच्या हिशेबातून सुटायचे होते त्यातच पुन्हा अडकू. इथून पुढचे काम संगणकीय भूमितीचे आहे.

कोठी ज्यात मावेल असा दीड मीटर बाजूचा घन घ्यावा. त्याचे आठ सारखे घन करावेत, त्या प्रत्येकाचे पुन्हा आठ, असे पाच वेळा करत गेले की सर्वांत लहान घन सुमारे 4.7 सेंटिमीटरचा, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्याच्या जवळ येतो. याला ऑक्ट्री, म्हणजे आठ-आठ फांद्या फुटत जाणारे झाड, म्हणतात. पाचव्या पातळीवर हिशेबाने 32,768 घन होतात, पण धातू फक्त पृष्ठभागावर आहे, आतली पोकळी आणि बाहेरचे कोपरे रिकामे आहेत. ते घन तिथल्या तिथे सोडून दिले की हाती काही हजारच उरतात. पुढे प्रत्येक पातळीवर घन आठपट न वाढता जेमतेम चौपट वाढतात, कारण पृष्ठभाग मुळात दोन मितींचा आहे. प्रत्येक घनाचे शेजारी म्हणजे त्याला टेकलेले घन, आणि ते फार तर 26 असतात. थेट मोजायचे ते एवढ्यांशीच. कोठीसाठी थेट मोजायच्या संख्यांची मेमरी अशा रीतीने 750 गिगाबाइटवरून अंदाजे तीन गिगाबाइटवर येते आणि दूरच्यांच्या नोंदींसाठी थोडी जास्त धरली तरी हे गणित साध्या लॅपटॉपवर मावते.

हे झाड संगणकात बांधण्याची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक त्रिकोणाच्या मध्याचे तीन सहनिर्देशक शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत लिहायचे आणि तिन्हींचे अंक वेणीसारखे एकाआड एक गुंफून एकच लांब संख्या करायची. जी. एम. मॉर्टन यांनी ही युक्ती 1966 साली सुचवली होती. त्या संख्यांची चढती यादी लावली की एका घनातले सर्व त्रिकोण यादीत आपोआप सलग येतात. गावनकाशावर गट क्रमांक पाहिले तर साधारण तसेच दिसते: गट 112 च्या जवळपास 113 सापडतो. मात्र उलटे नेहमी खरे नसते, कारण नाल्यापलीकडचे लागून असलेले शेत 240 क्रमांकाचे निघू शकते. मॉर्टनच्या यादीतही अवकाशात शेजारी असलेले दोन घन यादीत लांब पडू शकतात, म्हणून शेजाऱ्याचा क्रमांक यादीवरून न ताडता सहनिर्देशकांवरून नव्याने काढावा लागतो आणि मग तो यादीत शोधावा लागतो. लाख त्रिकोणांच्या चढत्या यादीत एक क्रमांक शोधायला सतराच्या आसपास तुलना पुरतात.

कोठीचे झाकण इथे एक चांगला धडा देते. झाकणाची खाली वळलेली किनार आणि कोठीचा गळा यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटरची फट असते. जाळीच्या जोडणीतून पाहिले तर झाकणावरचा त्रिकोण गळ्यावरच्या त्रिकोणाला कुठेही जोडलेला नाही, दोघांची एकही कड सामाईक नाही. अवकाशात मात्र ते नाकाला नाक लावून उभे आहेत आणि त्यांचा परस्पर परिणाम सर्वांत प्रबळ आहे. लहरीचा परिणाम अंतराने भागला जातो, त्यामुळे अंतर शून्याकडे जाईल तशी साधी बेरीज-सरासरी साफ चुकते आणि तिथे वेगळी, अधिक बारकाईची रीत वापरावी लागते. म्हणून प्रत्येक जवळच्या जोडीबद्दल ती कड वाटून घेते की फक्त शिरोबिंदू, की काहीच न वाटता नुसती चिकटून उभी आहे, याची छाननी आधी करावी लागते. ही छाननी चुकली तर उत्तर चुकते आणि संगणक त्याबद्दल काहीही सांगत नाही. फटीतून आत शिरणारी लहर हिशेबात भलतीच येते, एवढेच.

यापूर्वीची एक पायरी मी मुद्दाम मागे ठेवली होती, ती म्हणजे त्रिकोण पाडण्याची. कोठी करणारा कारागीर सपाट पत्रा गोल वळवतो. जाळी करणारा त्याच्या उलट जातो, म्हणजे वळलेला पत्रा मनात उलगडून सपाट करतो, त्यावर बिंदू टाकतो आणि बिंदू जोडून त्रिकोण करतो. बिंदू तेच असले तरी ते जोडण्याचे असंख्य मार्ग असतात. त्यांतला चांगला कोणता, याचे देखणे उत्तर बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाच्या 1934 सालच्या निबंधात आहे: त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत दुसरा कोणताही बिंदू नसावा. सपाट पृष्ठभागावर ही अट पाळली की शक्य असलेल्या सगळ्या जोडण्यांमध्ये सर्वांत लहान कोन जास्तीत जास्त मोठा राहतो, म्हणजे सुईसारखे चिंचोळे त्रिकोण शक्य तितके टळतात. डिश मात्र कोठीसारखी उलगडत नाही, तिचा पत्रा कुठे ना कुठे ताणावाच लागतो, म्हणून तिथे कोन मोजताना त्या ताणाचा हिशेब धरावा लागतो.

चिंचोळ्या त्रिकोणांचे एवढे वावडे का? मोठी समीकरणे आज सहसा थेट सोडवत नाहीत. एक अंदाज घेऊन तो फेरीमागून फेरी सुधारत नेतात, आणि प्रत्येक फेरीत वर सांगितलेली गोळा करणे, नेणे, वाटणे ही सारी क्रिया एकदा करावी लागते. जाळीत चिंचोळे त्रिकोण मिसळले की या फेऱ्या शंभराच्या हजार होऊ शकतात. भूमितीत वाचवलेला एक कोन पुढे तासन्‌तासांचा वेळ वाचवतो तो असा.

आकृतीच होऊ शकत नाही असा त्रिकोण ओळखण्याचा विचार तर आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्पष्ट सांगितले आहे की ज्या आकृतीची एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी दिली असेल, ते क्षेत्रच नव्हे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे, हे खान्देशातल्या प्रत्येक गणिताच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते. आजच्या जाळी-प्रोग्राममध्ये हीच अट पहिल्या चाळणीला लावलेली असते. अडचण एवढीच की संगणक अपूर्णांक ठरावीक अंकांपर्यंतच लिहितो, त्यामुळे जवळजवळ सरळ रेषेत असलेले तीन बिंदू त्याला कधी डावीकडे वळलेले दिसतात, तर कधी उजवीकडे. जोनाथन श्यूचुक यांनी 1990 च्या दशकात यावर चांगला उपाय दिला: आधी झटपट हिशेब करायचा, उत्तर शून्याच्या धोकादायक जवळ आले तरच जास्त अंक घेऊन तो पुन्हा करायचा. बहुतेक त्रिकोण पहिल्याच फटक्यात निकाली निघतात, म्हणून अचूकता मिळूनही वेग फारसा उतरत नाही.

कोठी संपली, आता साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर जाऊ. तिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. पवनचक्क्या रडारच्या वाटेत आल्या तर पडद्यावर खोटे ठिपके उमटवतात, ही जगभरची अडचण आहे आणि ती आधी मोजता यावी लागते. पोलादी मनोरा 80 मीटर उंच आणि सरासरी 4 मीटर व्यासाचा धरला तर 3 गिगाहर्ट्झला त्याचे 2 कोटी 30 लाखांहून अधिक त्रिकोण होतात आणि अज्ञात साडेतीन कोटींच्या आसपास जातात. रेल्वेच्या डब्यांची युक्ती वापरूनही हे मोठ्या संगणकाचे काम आहे, आणि तेही प्रत्येक दिशेसाठी, पात्यांच्या प्रत्येक स्थितीसाठी वेगळे करावे लागणार.

वस्तू तरंगलांबीच्या शेकडो पट मोठी असली की लहर बऱ्याच अंशी प्रकाशकिरणासारखी वागते, म्हणून अशा वेळी किरणांचा मार्ग धरतात. लिंग, चौ आणि ली यांनी 1989 साली मांडलेल्या पद्धतीत वस्तूवर दाट किरणांची जणू सर सोडतात, प्रत्येक किरण किती वेळा आपटून कुठे जातो ते पाहतात आणि शेवटी सर्वांचे योगदान मिळवतात. मनोऱ्याची समोरून दिसणारी बाजू 320 चौरस मीटर आहे; 1 सेंटिमीटर अंतराने किरण सोडले तर ते 32 लाख होतात. इथे त्रिकोण तरंगलांबीएवढे बारीक असण्याची गरज नाही, आकार नीट उतरला की पुरे, म्हणून ते लाखभर धरू. प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणावर आपटतो का हे तपासले तर एकाच आपटण्यासाठी 32,000 कोटी तपासण्या होतात. त्रिकोणांना मात्र खोक्यांत आणि खोक्यांना मोठ्या खोक्यांत बसवले, तर किरण मोठ्या खोक्याला चुकला की आतले सगळे त्रिकोण एका झटक्यात बाद होतात आणि किरणामागे काही डझन तपासण्या उरतात. याच झाडावर सावलीचाही प्रश्न सुटतो: एखाद्या त्रिकोणापासून रडारपर्यंत उलटा किरण सोडायचा आणि वाटेत काही आडवे आले तर तो त्रिकोण सावलीत आहे असे धरून त्यावरचा प्रवाह शून्य मानायचा.

किरणांनी सगळे भागत नाही. धारदार कडेवर लहर वाकते आणि किरणाला ते कळत नाही. त्यासाठी अमेरिकेत जोसेफ केलर यांनी आणि सोव्हिएत संघात प्योत्र उफिम्त्सेव यांनी 1962 च्या सुमारास स्वतंत्रपणे कडांची दुरुस्ती मांडली. अशी धारदार कड कुठे आहे हे मात्र पुन्हा जाळीलाच विचारावे लागते: शेजारच्या दोन त्रिकोणांच्या पातळ्यांत किती कोन आहे हे प्रत्येक सामाईक बाजूवर मोजायचे आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा कोन दिसला की ती धार मानायची. मर्यादा फार कमी ठेवली तर गोल मनोऱ्यावर, जिथे धार नाहीच, तिथे जाळीच्या प्रत्येक उभ्या रेषेवर खोट्या धारा उगवतात, म्हणून गोलाईचे त्रिकोण किती रुंद आहेत ते पाहूनच ती ठरवावी लागते.

पात्यांचे गणित थोडे वेगळे आहे, कारण ती काचतंतूंची असतात आणि त्यांच्यात वीज पडली तर ती जमिनीत उतरवणारी धातूची तार असते. पण रडारला सर्वाधिक त्रास त्यांच्या फिरण्याचाच होतो, म्हणून एका फेऱ्यातली शेकडो स्थाने तपासावी लागतात. दर वेळी खोक्यांचे झाड नव्याने बांधायचे ठरवले तर त्यातच वेळ जाईल. त्यापेक्षा मनोऱ्याचे एक आणि पात्यांचे एक अशी दोन झाडे एकदाच बांधून ठेवतात, पाते जितक्या अंशांनी फिरले असेल तितक्याच अंशांनी येणारा किरण उलटा फिरवून तो पात्यांच्या न हललेल्या झाडात सोडतात, आणि आपटण्याची जागा मिळाली की ती पुन्हा सुलट फिरवून मनोऱ्याच्या हिशेबात आणतात.